अनुदानातला निम्मा वाटा: मोजायचा कसा आणि अडतो कुठे

सरकारी पैशावर चालणाऱ्या नाट्यगृहाचा, चित्रपट संस्थेचा किंवा संग्रहालयाचा वार्षिक अहवाल उघडला की स्त्रियांबद्दल एखादा आकडा बहुतेक वेळा सापडतो. सहभागी कलाकारांपैकी इतके टक्के स्त्रिया, असं एखादं वाक्य. आकडा खरा असतो, पण त्यावरून फारसं काही कळत नाही. कोरसमध्ये उभी राहणारी बाई आणि मुख्य मंचावरचा दिग्दर्शक, दोघांची नोंद एक-एकच. कुणाला किती पैसे मिळाले, कुणाचं काम किती लोकांनी पाहिलं, पुढच्या वर्षी पुन्हा कुणाला बोलावलं, यातलं काही त्या वाक्यात नसतं.

माझं म्हणणं सरळ आहे. सार्वजनिक पैसा वाटला जातो तिथे डोकी मोजून थांबू नये. पैसा मोजावा, काम कोणतं दिलं ते मोजावं, प्रेक्षक मोजावेत आणि ती मोजणी पुढच्या अनुदानाच्या अटीत घालावी. हे केलं नाही तर अगदी मनापासून केलेले प्रयत्नही दोन-तीन वर्षांत विरून जातात.

स्वीडनचं उदाहरण इथे उपयोगी पडतं. स्वीडिश फिल्म इन्स्टिट्यूट ही तिथे चित्रपटांना सार्वजनिक निधी देणारी संस्था. २०११ मध्ये अ‍ॅना सर्नर तिच्या प्रमुख झाल्या. निधी मिळणाऱ्या चित्रपटांत दिग्दर्शक, लेखक आणि निर्माते या तिन्ही जागांवर निम्म्या स्त्रिया हव्यात, असं उद्दिष्ट संस्थेने उघडपणे मांडलं आणि आकडे जाहीर करत राहिली. काही वर्षांत दिग्दर्शिकांची संख्या निम्म्याच्या जवळ पोचली. मग २०१८ मध्ये संस्थेने स्वतःच पैशाचा हिशेब मांडला, तेव्हा दिसलं की संख्या जुळली तरी स्त्रियांच्या चित्रपटांची बजेटं लहानच राहिली होती. मोठ्या बजेटचे सिनेमे अजून पुरुषांकडेच जात होते. संस्थेने हे लपवलं नाही, छापलं. याचं मला फार मोल वाटतं, कारण दुखणं नेमकं कुठे आहे ते त्यातूनच कळलं.

हे कसं घडतं ते साध्या गणिताने पाहू. निधीचे १०० भाग आहेत आणि दहा प्रकल्प आहेत. पाच मोठे, प्रत्येकी १५ भागांचे. पाच लहान, प्रत्येकी ५ भागांचे. पाच प्रकल्प स्त्रियांचे, पाच पुरुषांचे. पण स्त्रियांच्या वाट्याला मोठा एक आणि लहान चार आले. संख्येने ५० टक्के, पैशाने ३५. अहवालात छापला जातो तो पहिला आकडा. कॅनडाच्या नॅशनल फिल्म बोर्डाने मार्च २०१६ मध्ये जाहीर केलेलं उद्दिष्ट म्हणूनच मला अधिक पक्कं वाटतं: किमान निम्मे चित्रपट स्त्रियांनी दिग्दर्शित केलेले आणि निर्मितीच्या खर्चातलाही निम्मा वाटा त्या चित्रपटांना. दोन्ही निम्मे एकत्र मागितले की लहान प्रकल्प वाटून संख्या भरून काढायची वाट बंद होते.

नाटकात पैशाच्या जोडीला मंच येतो. मुख्य मंचावर ६०० आसनं आणि ४० प्रयोग म्हणजे २४,००० जागा. छोट्या मंचावर ८० आसनं आणि १० प्रयोग म्हणजे ८००. दोन्ही नाटकं यादीत 'एक निर्मिती' म्हणूनच येतात, पण त्यांच्यात तीसपटीचं अंतर आहे. समीक्षकही मुख्य मंचावरच येतात. दौऱ्याला निघतं तेही मुख्य मंचावरचंच नाटक. लेखिकेला छोटा मंच मिळणं वाईट नाही, सुरुवात बहुतेकांची तिथेच होते. प्रश्न आहे तो तिथून वर जाण्याचा. म्हणून प्रत्येक नावापुढे मंच, प्रयोगसंख्या आणि आसनं लिहायलाच हवीत.

कामाची विभागणी पाहिली की चित्र आणखी स्पष्ट होतं. २०१५ च्या अखेरीस डब्लिनच्या ॲबी थिएटरने, म्हणजे आयर्लंडच्या राष्ट्रीय नाट्यगृहाने, ब्रिटिश राजवटीविरुद्धच्या १९१६ च्या उठावाच्या शताब्दीचा कार्यक्रम जाहीर केला. दहा नाटकांपैकी एकच नाटक बाईने लिहिलेलं होतं आणि तिनांचं दिग्दर्शन बायकांकडे होतं. त्यातून मोठी चळवळ उभी राहिली. त्या चळवळीचं सगळ्यात टिकाऊ काम माझ्या मते मोजणीचं आहे. सार्वजनिक निधी घेणाऱ्या दहा संस्थांची २००६ ते २०१५ या दहा वर्षांतली नाटकं घेऊन त्यांनी कामानुसार आकडे काढले. लेखनात स्त्रिया २८ टक्के, दिग्दर्शनात ३७, ध्वनिसंयोजनात ९. वेशभूषेत मात्र ७९. हे सगळं एकाच सरासरीत घातलं असतं तर वेशभूषेने ध्वनीचा खड्डा झाकून टाकला असता. आणखी एक गोष्ट त्यात दिसली, आणि ती प्रत्येक देशात तपासण्यासारखी आहे: ज्या संस्थांना अनुदान जास्त, तिथे स्त्रियांचं प्रमाण सर्वसाधारणपणे कमी.

तक्ता कसा करायचा

एका निर्मितीत एका व्यक्तीने केलेल्या एका कामाला एक ओळ. एकाच बाईने लिहिलं आणि दिग्दर्शितही केलं, तर दोन ओळी. रकाने: निर्मितीचं नाव, काम (लेखन, दिग्दर्शन, नेपथ्य, प्रकाशयोजना, ध्वनी, वेशभूषा, संगीत, नृत्यदिग्दर्शन, अभिनय), मंच, प्रयोग, आसनं, मानधन, एकूण निर्मितीखर्च, नवं की पुनरुज्जीवित, दौरा झाला की नाही. याशिवाय व्यक्तीने स्वतः नोंदवलेलं लिंग.

मोजायला बसण्याआधी नियम लिहून काढावेत आणि नंतर बदलू नयेत. इथेच सगळ्यात जास्त घोळ होतात. दोघांनी मिळून दिग्दर्शन केलं तर अर्धा-अर्धा. हयात नसलेल्या लेखकांचा हिशेब वेगळा ठेवावा. नाहीतर अभिजात नाटकांचं वर्ष आलं की संस्था म्हणते, "आम्ही काय करणार, तेव्हा लिहायचेच पुरुष," आणि त्याच्या आड हयात लेखकांचा आकडा दडून जातो. रूपांतर असेल तर मूळ लेखक आणि रूपांतरकार अशा दोन ओळी. अभिवाचनं, चर्चा आणि एक दिवसाच्या कार्यशाळा निर्मिती म्हणून धरू नयेत. या शेवटच्या नियमावर मी अडून बसेन, कारण आकडा फुगवायचा सगळ्यात सोपा मार्ग हाच आहे: पाच लेखिकांची अभिवाचनं ठेवायची, पाच लेखकांची नाटकं उभी करायची आणि अहवालात 'दहापैकी पाच' लिहायचं. बालनाट्यंही स्वतंत्र दाखवावीत. ती कमी महत्त्वाची आहेत म्हणून नव्हे. अनेक ठिकाणी बालनाट्यांचं बजेट आणि मानधन कमी असतं आणि तिथे स्त्रियांची गर्दी झाली की एकूण टक्का उगाच चांगला दिसतो.

वाद्यवृंदांत एक वेगळी नोंद लागते, ती कायम सदस्यत्वाची. व्हिएन्ना फिलहार्मोनिकचे वादक तिथल्या सरकारी ऑपेराच्या वाद्यवृंदातून येतात. त्यांनी पहिल्या बाईला अधिकृत सदस्यत्व दिलं ते १९९७ मध्ये, हार्पवादक अ‍ॅना लेल्केस यांना. त्याआधी वीसहून जास्त वर्षं त्या त्याच वाद्यवृंदात वाजवत होत्या. मंचावर कोण बसलं एवढंच मोजलं असतं तर त्या दिसल्या असत्या. सदस्यांच्या यादीत त्यांचं नाव नव्हतं.

छोट्या संख्यांबाबत सावध राहावं लागतं. वर्षाला चारच नाटकं करणाऱ्या संस्थेत एक किंवा शून्य दिग्दर्शिका असणं, निवड पूर्ण समतोल असली तरी, तीनेक वर्षांत एकदा घडू शकतं. दहा नाटकांत एकच किंवा एकही बाई नसणं मात्र शंभरात एखाद्याच वेळी. म्हणून छोट्या संस्थेला एका वर्षावरून दोष देऊ नये. तीन ते पाच वर्षांची एकत्र सरासरी घ्यावी आणि ती दर वर्षी पुढे सरकवावी. मोठ्या संस्थेला हे कारण पुढे करता येत नाही.

लिंगाची नोंद नावावरून किंवा फोटोवरून अंदाजाने करू नये. अर्जासोबत स्वतंत्र फॉर्म द्यावा. पर्याय: स्त्री, पुरुष, अन्य, सांगायचं नाही. तो निवड समितीच्या हाती जाणार नाही हे फॉर्मवरच स्पष्ट लिहावं आणि माहिती कशासाठी हवी तेही दोन ओळींत सांगावं. या दोन ओळी नसल्या की लोक फॉर्म कोरा सोडतात आणि कोऱ्या फॉर्मांची संख्या वाढली की पुढचं सगळं गणित लटकतं. प्रकाशित तक्त्यात एखाद्या गटात पाचपेक्षा कमी माणसं असतील तर तो आकडा झाकावा, नाहीतर कुणाचं मानधन किती ते सगळ्यांना कळतं.

संग्रहालयांचं गणित निराळं आहे. तिथे साठा आणि नवी खरेदी वेगळी धरावी लागते. लंडनच्या नॅशनल गॅलरीत २,३०० हून जास्त चित्रं आहेत. २०१८ मध्ये सतराव्या शतकातल्या इटालियन चित्रकर्ती आर्तेमिसिया जेंतिलेस्कीचं स्वतःला संत कॅथरिनच्या रूपात रंगवलेलं चित्र घेतलं गेलं, तेव्हा स्त्रियांनी रंगवलेली चित्रं संग्रहात जेमतेम वीस होती. समजा एखाद्या अशाच संग्रहालयाने वर्षाला दहा चित्रं घेतली आणि त्यातली पाच कायम स्त्रियांची घेतली. वीस वर्षांनंतर २,५०० पैकी १२० चित्रं स्त्रियांची होतील, म्हणजे पाच टक्केसुद्धा नाहीत. त्यामुळे संग्रहातल्या टक्क्यावर उद्दिष्ट ठेवलं की कर्मचारी हताश होतात. उद्दिष्ट खरेदीवर, एकल प्रदर्शनांवर आणि भिंतीवर प्रत्यक्ष काय लागलं आहे त्यावर ठेवावं. साठवणीत पडून असलेल्या चित्रांतून भिंतीवर काय आणायचं, हा निर्णय तर जवळजवळ बिनखर्चाचा आहे.

निवड कुठे अडते

आकडा कमी आला की समितीकडे बोट दाखवायची घाई होते. आधी चाळण्या मोजाव्यात. एखाद्या योजनेत २०० अर्ज आले, त्यातले ६० स्त्रियांचे. मंजूर ४०, त्यातले १४ स्त्रियांचे. स्त्रियांचे सुमारे २३ टक्के अर्ज मंजूर झाले आणि पुरुषांचे १९ टक्के. इथे समितीचा दोष नाही. अर्जच आले नाहीत. उपाय समितीबाहेरचा आहे: योजनेची माहिती कुणापर्यंत पोचते, मुदत किती, अर्ज किती पानांचा. दुसऱ्या योजनेत १०० अर्ज स्त्रियांचे, १०० पुरुषांचे. मंजूर अनुक्रमे १२ आणि २८. इथे दोष निवडीत आहे आणि कितीही प्रचार केला तरी तो सुटणार नाही. छाननी, पहिली यादी, मुलाखत, मंजुरी, प्रत्यक्ष करार, या प्रत्येक टप्प्यावर दोन्ही आकडे ठेवले की गळती नेमकी कुठे आहे ते दिसतं.

एक रकाना हमखास विसरला जातो: मागितलेली रक्कम. मंजूर रक्कम भागिले मागितलेली रक्कम, असं गुणोत्तर प्रत्येक अर्जाचं काढावं. स्त्रियांचं गुणोत्तर पुरुषांइतकंच असेल पण मंजूर रक्कम लहान असेल, तर त्यांनी मागितलंच कमी. मग अर्जासोबत किमान मानधनाचे दर छापणं आणि बजेटचा एक नमुना जोडणं एवढ्यानेही फरक पडू शकतो. गुणोत्तरच कमी असेल तर समिती स्त्रियांच्या बजेटला जास्त कात्री लावते आहे आणि ते लेखी विचारायला हवं.

निकषांत सगळ्यात घातक वाक्य म्हणजे 'मोठ्या मंचावरील निर्मितीचा पूर्वानुभव आवश्यक'. ज्यांना मोठा मंच मिळाला नाही त्यांना तो कधीच मिळू नये, अशी सोय या वाक्यात आहे. त्याऐवजी काम नेमकं काय आहे ते लिहावं: वीस जणांचा संच हाताळणं, ठरलेल्या मुदतीत तांत्रिक तालीम पूर्ण करणं, खर्चावर ताबा. मग छोट्या मंचावरच्या, फिरत्या संचातल्या किंवा दूरचित्रवाणीवरच्या कामाचा पुरावाही चालतो. जोखीम वाटत असेल तर अनुभवी निर्मिती व्यवस्थापक जोडून द्यावा. अर्ज नाकारण्यापेक्षा हे कितीतरी बरं.

समितीतल्या प्रत्येकाने चर्चेआधी आपले गुण लेखी द्यावेत. आधी चर्चा झाली की ज्येष्ठ माणूस पहिलं वाक्य बोलतो आणि बाकीचे गुण त्याभोवती जमतात. गुण बदलायचे असतील तर बदलावेत, पण कारण एका ओळीत लिहून. समितीत स्त्रिया निम्म्या हव्यातच. निर्णयाच्या खुर्चीवर बसणं हाही समान संधीचाच भाग आहे. मात्र तेवढ्याने निकाल बदलेल अशी आशा धरू नये. इटली आणि स्पेनमध्ये प्राध्यापकपदांच्या निवड समित्यांचा मोठा अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. समितीत स्त्रिया वाढल्या म्हणून स्त्री उमेदवारांची निवड वाढली, असं त्यात आढळलं नाही. क्षेत्र वेगळं आहे, पण धडा कलेलाही लागू पडतो: निकष आणि पद्धत सुधारल्याशिवाय नुसती माणसं बदलून पुरत नाही.

पडद्याआडच्या निवडीबद्दल नेहमी विचारलं जातं. अमेरिकेतल्या पाच आघाडीच्या वाद्यवृंदांत १९७० च्या सुमारास स्त्रिया पाच-सहा टक्के होत्या, १९९० च्या दशकात त्या वीस टक्क्यांच्या वर गेल्या. या काळात चाचणीच्या वेळी परीक्षक आणि वादक यांच्यामध्ये पडदा लावायची पद्धत पसरली. क्लॉडिया गोल्डिन आणि सेसिलिया राऊस या अर्थशास्त्रज्ञांचा २००० सालचा निबंध याच विषयावर आहे. पडदा लावताना बारकावे सांभाळावे लागतात. टाचांच्या आवाजावरून बाई चालत आली हे कळतं, म्हणून खाली गालिचा अंथरतात किंवा चपला-बूट काढायला सांगतात. उमेदवाराला नावाऐवजी क्रमांक देतात आणि काही विचारायचं असेल तर तो स्वतः बोलत नाही, सोबतचा कर्मचारी बोलतो. पण त्या निबंधातले सगळे आकडे एकाच दिशेचे नाहीत. उपांत्य फेरीत निकाल उलटे दिसतात आणि काही अंदाजांत अनिश्चितता बरीच आहे. त्यामुळे 'पडदा लावला की प्रश्न सुटला' असं कुणी सांगितलं तर मानू नये. अनेक वाद्यवृंद अंतिम फेरीत पडदा काढतात आणि निवडीनंतरच्या परिवीक्षा काळात तर तो नसतोच.

इतर कलांत पडदा थोडाच चालतो. संहितेचं पहिलं वाचन नावाशिवाय करता येतं आणि करावं. मुखपृष्ठ काढावं, फाइलचं नाव बदलावं आणि फाइलच्या गुणधर्मांत दडलेलं लेखकाचं नावही पुसावं. हे शेवटचं हमखास राहून जातं. दिग्दर्शकाचं आधीचं काम पाहायचं असेल तिथे मात्र नाव झाकणं शक्य नाही. तिथे निकष आणि लेखी गुण यांच्यावरच भिस्त.

वेळ, मुलं, वय

तांत्रिक तालमीच्या आठवड्यात दिवस दहा-बारा तासांचा होतो, वेळापत्रक आदल्या रात्री येतं आणि ज्या घरात लहान मूल किंवा आजारी माणूस आहे तिथली बाई त्या वर्षी काम घेत नाही. ही गळती कोणत्याच तक्त्यात दिसत नाही, कारण तिने अर्जच केलेला नसतो. उपाय माहीत असलेलेच आहेत: वेळापत्रक दोन आठवडे आधी, कोण किती वाजता लागणार हे नावानिशी, आणि शक्य तिथे एक काम दोघांत वाटून. देखभालीचा खर्च अनुदानात मान्य खर्च म्हणून धरावा, पण अनुदानाच्या कमाल मर्यादेबाहेर. मर्यादेच्या आत ठेवला की दिग्दर्शिकेला नेपथ्य आणि पाळणाघर यांतून एक निवडावं लागतं आणि तिचं नाटक खरोखरच गरीब दिसतं. 'तरुण कलाकार' योजनांतली वयाची अट काढून कामाची वर्षं धरावीत आणि बाळंतपण, आजारपण, देखभाल यांत गेलेली वर्षं त्यातून वजा करावीत.

अट, आणि बाहेरून काय मागता येतं

संस्था आपणहून बदलतात, पण सावकाश. निधी देणाऱ्याने करारातच लिहावं: कामानुसार आणि पैशानुसार तक्ता, तीन वर्षांचं उद्दिष्ट, ते चुकलं तर लेखी कारण आणि पुढची योजना. शेवटचा हप्ता तक्ता आल्यावर. उद्दिष्ट चुकलं म्हणून पहिल्याच वर्षी पैसे कापू नयेत, नाहीतर संस्था आकडे रंगवायला शिकतात. तक्ता दिलाच नाही तर मात्र हप्ता थांबवावा. ऑस्ट्रेलियात स्क्रीन ऑस्ट्रेलियाने डिसेंबर २०१५ मध्ये सुरू केलेल्या उपक्रमात एक सुटसुटीत कसोटी वापरली: लेखक, दिग्दर्शक, निर्माता आणि कथेतलं मुख्य पात्र, या चारपैकी किमान तीन ठिकाणी स्त्री. तपासायला सोपी कसोटी आहे, आणि निर्माती म्हणून एकच नाव जोडून ती पार करता येत नाही.

उद्दिष्ट आणि राखीव जागा यांत कायद्याचा फरक आहे, तो देशागणिक बदलतो. ब्रिटनच्या २०१० च्या समानता कायद्यात दोन उमेदवार सारखेच पात्र असतील तर कमी प्रतिनिधित्व असलेल्या गटातल्या उमेदवाराला घेता येतं. सरसकट जागा राखता येत नाहीत. भारताच्या संविधानात कलम १५(३) स्त्रियांसाठी विशेष तरतुदी करायला मुभा देतं. योजना छापण्याआधी हे तपासावं, कारण कोर्टात पडलेली एक योजना पुढच्या दहा योजनांना भीती घालते.

संस्थेबाहेरच्या माणसालाही बरंच करता येतं. माहिती अधिकाराचे कायदे अनेक देशांत आहेत आणि अनुदान सार्वजनिक पैशातून जातं. अर्जात 'महिलांच्या सहभागाची माहिती द्यावी' असं लिहिलं तर अहवालातला तोच टक्केवारीचा आकडा परत येईल. मागायचं ते असं: गेल्या पाच वर्षांतल्या प्रत्येक मंजूर प्रकल्पाची मागितलेली रक्कम, मंजूर रक्कम, प्रमुख दिग्दर्शकाचं आणि लेखकाचं लिंग; प्रत्येक फेरीत आलेले आणि पुढे गेलेले अर्ज, लिंगानुसार; आणि निवड समितीची रचना. नावं मागू नयेत, त्यामुळे नकाराला निमित्त मिळतं. 'अशी नोंद ठेवली जात नाही' असं उत्तर आलं तर तेही जपून ठेवावं. पुढच्या अनुदानाचा करार होण्याआधी निधी देणाऱ्या खात्याला पत्र लिहावं, सोबत हे उत्तर जोडावं आणि तक्त्याची अट कराराच्या मसुद्यात कोणत्या कलमाखाली घालावी तेही त्यात सुचवावं.